उत्तर लिहा, उशिरा वाचणाऱ्यासाठी

उरणच्या करंज्याकडे परतणारी मासेमारी होडी किनाऱ्याच्या टप्प्यात आली की चार-पाच दिवस मुका असलेला मोबाइल एकदम वाजू लागतो. द्रोणागिरीचा डोंगर समोर दिसत असतो, जाळी आवरायची असतात, आणि खिशातल्या फोनवर चारशे मेसेज येऊन पडलेले असतात. समजा, होडीवरच्या एका खलाशाला त्यातलं एकच काही हवं आहे. संपादित जमिनीच्या बदल्यात घराला मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाबाबत बैठक ठरणार होती, तिला कोणते कागद न्यायचे, असं त्याच्या भावाने गावच्या ग्रुपवर विचारलं होतं. प्रश्न सापडतो. खाली उत्तरं अशी: ‘सातबारा.’ ‘आधार पण.’ ‘तो नाही, जुना.’ ‘हो.’ ‘उद्या ११ ला.’ ‘तिकडेच.’ मग तेरा अंगठे, दोन वाढदिवस आणि एक सुविचार.

उद्या म्हणजे कोणता दिवस? जुना म्हणजे सातबारा की आधार? ‘हो’ कशाला? तिकडे म्हणजे ग्रामपंचायतीत, समाजमंदिरात की सिडकोच्या कार्यालयात? उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने मदतच करायची म्हणून लिहिलं होतं. तरी या माणसाच्या हाती काही लागलं नाही. तो पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि कुणीतरी वैतागून लिहितं, ‘वर बघा ना, सांगितलंय.’

ग्रुपवर किंवा मेलवर उत्तर कसं द्यावं, हा प्रश्न म्हणूनच मला नुसत्या रीतभातीचा वाटत नाही. आपल्या भागात तो कुणाचा अर्धा दिवस वाचण्याचा, कुणाची लाँच चुकण्याचा आणि कधी कधी जिवाचाही प्रश्न होतो.

आपलं उरण एका घड्याळावर चालत नाही. १९८९ साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर रात्रंदिवस जागं असतं. ओएनजीसीचा प्रकल्प रात्री बंद होत नाही. यार्डात पाळ्या बदलत राहतात, ट्रेलर चालवणारा पहाटे कुठल्या तरी घाटात असतो, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारा लाँचमध्ये असतो, आणि १२ जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत आल्यावर सकाळच्या गाडीने जाणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. एकाच घरातली तीन माणसं तोच मेसेज तीन वेगवेगळ्या वेळी वाचतात. म्हणून उत्तर लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवावा: जो ते सर्वांत उशिरा वाचणार आहे. त्याला मागचं काही न उकरता कळलं, तर ते सगळ्यांनाच कळलं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

विचार जुनाच आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुलं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं नेटवरच्या शिष्टाचाराचं एक टिपण प्रसिद्ध झालं. ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने ते आजही ओळखलं जातं. तुमचा मेसेज पोचेल तेव्हा समोरचा झोपलेला असू शकतो, त्याला उठून कामावर येऊ द्या, असं त्यात सुचवलं आहे. उत्तर देताना मूळ मजकुरातलं संदर्भापुरतं तेवढं सोबत ठेवा आणि बाकीचं काढा, हेही आहे. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप यायला अजून चौदा वर्षं होती. साधनं बदलली, पण समोरचा माणूस आपल्या वेळेला जागा नसतो, हे तसंच राहिलं.

आधी खालपर्यंत वाचा

प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. थांबा, आणि शेवटच्या मेसेजपर्यंत या. उत्तर आधीच आलेलं असेल आणि ते बरोबर असेल, तर तुमचं तेच उत्तर नवीन काही देत नाही. उलट खरं उत्तर आणखी वर ढकललं जातं. नुसता दुजोरा द्यायचा असेल तर त्या उत्तरावर बोट दाबून अंगठ्याची खूण करा. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून ही सोय आहे. अंगठा वेगळा मेसेज म्हणून टाकला, तर दोनशे जणांचे फोन वाजतात.

दुजोऱ्याला वजन असेल, तर मात्र शब्दांत द्या. ‘बरोबर आहे’ एवढं लिहिण्यापेक्षा ‘बरोबर आहे, मी कालच हे कागद देऊन आलो, घेतले’ असं लिहिलं, तर विचारणाऱ्याला धीर येतो.

उत्तर माहीत नसेल तर गप्प राहण्यात कमीपणा नाही. ‘मला माहीत नाही’ असं वीस जणांनी ग्रुपवर कळवण्याची गरज नसते. पण प्रश्न नाव घेऊन तुम्हालाच विचारला असेल, तर तेवढं सांगणं तुमच्यावर आहे. ‘मला नक्की माहीत नाही, गुरुवारी कार्यालयात जाणार आहे, विचारून सांगतो’ हे पूर्ण उत्तर आहे. मग गुरुवारी सांगा.

प्रश्न सोबत घेऊन उत्तर द्या

ज्या मेसेजला उत्तर देताय तो उजवीकडे सरकवला की तुमच्या उत्तरावर त्याची चौकट येते. ही सवय एकट्याने लावून घेतली, तरी ग्रुपचा निम्मा गोंधळ कमी होतो. मोठ्या ग्रुपमध्ये एकाच वेळी तीन विषय चाललेले असतात: पाण्याचा टँकर, क्रिकेटचे सामने, शाळेचा दाखला. चौकटीशिवाय लिहिलेलं ‘हो, संध्याकाळी येईल’ हे टँकरबद्दल आहे की दाखल्याबद्दल, ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

चौकटीवरच विसंबू नका. मूळ मेसेज लांबलचक असेल तर चौकटीत त्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि तुमचं उत्तर दुसऱ्या ग्रुपवर नेलं की चौकट सोबत जात नाही. म्हणून उत्तराच्या वाक्यातच विषय आणा. ‘संध्याकाळी येईल’ऐवजी ‘पाण्याचा टँकर संध्याकाळी सहाला आळीत येईल’. चार शब्द जास्त पडतात, पण ते उत्तर आता कुठेही एकटं उभं राहू शकतं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कुणी ‘कशाबद्दल?’ असं विचारत नाही. बावटा बघणारा सकाळी आला काय किंवा दुपारी आला काय, त्याला तेच कळतं: हवामान बिघडलंय, होड्या काढू नका, लाँच बंद. उत्तर असं बावट्यासारखं असावं.

‘आज’, ‘उद्या’, ‘तिकडे’, ‘तो’

हे चार शब्द समोरासमोरच्या बोलण्यात सरळ असतात आणि मेसेजमध्ये फसवे होतात. रात्री पावणेबाराला लिहिलेला ‘उद्या’ दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्यासाठी ‘आज’ असतो, आणि चार दिवसांनी वाचणाऱ्यासाठी गेलेला असतो. समुद्रावर जाणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायला नको. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, उधाण आणि भांग तिथीवर ठरतात. तिथी सांगितल्याशिवाय नुसत्या ‘भरती दुपारी’ या वाक्याला कोळीवाड्यात काही किंमत नाही. ग्रुपवरही तोच नियम लावा: वार, तारीख, वेळ, ठिकाण.

पावसाळ्यात नेहमी येणारा प्रश्न घ्या: ‘मोऱ्याची लाँच चालू आहे का?’

एक उत्तर: ‘हो चालू.’

दुसरं उत्तर: ‘मोरा ते भाऊचा धक्का लाँच: आज सोमवार १२ तारीख, सकाळी ८.१० ला मी मोरा धक्क्यावर आहे. आता एक सुटली. पुढचं ओहोटीवर अवलंबून आहे असं तिकीट खिडकीवर सांगितलं. निघण्याआधी पुन्हा विचारा.’

पहिलं उत्तर दुपारी एक वाजता वाचून कुणी म्हातारं माणूस दवाखान्याची फाइल घेऊन धक्क्यावर गेलं, आणि गाळात पाणी नाही म्हणून लाँच उभी असेल, तर ‘हो’ लिहिणारा खोटं बोललेला नसतो. त्याचं खरं फक्त पाच तास जुनं झालेलं असतं. दुसऱ्या उत्तरात ते किती वाजेपर्यंतचं खरं आहे हेही लिहिलेलं आहे. शिवाय ते कोणी, कुठून पाहून सांगितलं हेही कळतं.

पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं

उत्तरात या तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. ‘मी पाहिलं’, ‘अमुककडून ऐकलं’ आणि ‘मला वाटतं’ ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. तिन्ही द्यायला हरकत नाही, पण कुठलं कुठलं आहे ते सांगा. जमीन, भूखंड, भरपाई, नोकरभरती यांबाबत उरणच्या प्रकल्पग्रस्त घरांनी पिढ्यान्‌पिढ्या धावपळ केली आहे. १९८४ च्या जानेवारीत याच मातीत, जासई-नवघरच्या परिसरात, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. अशा गावांत ‘फॉर्म सुटलेत, उद्या शेवटची तारीख’ हे ऐकीव वाक्य उत्तर म्हणून टाकलं, की माणसं खाडा करून निघतात. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख, नोटिशीचा पूर्ण फोटो, कार्यालयाचं नाव, यांतलं काही हाताशी असेल तर जोडा. नसेल तर ‘ऐकलं आहे, खात्री केलेली नाही’ हे वाक्याच्या सुरुवातीलाच लिहा. शेवटी लिहिलं तर तिथपर्यंत कुणी वाचत नाही.

कागदांच्याच संदर्भात आणखी एक. मदत करायच्या भरात आपला किंवा दुसऱ्याचा आधार कार्डाचा फोटो, बँक पासबुक, मोबाइल नंबर ग्रुपवर टाकू नका. ‘हा नमुना बघा’ म्हणून टाकलेला कागद हजार जणांच्या फोनमध्ये जाऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं असू शकतात, आणि त्यातल्या सगळ्यांना आपण ओळखत नसतो. नमुना दाखवायचाच असेल तर नाव आणि आकडे झाकून दाखवा, नाहीतर विचारणाऱ्याला एकट्याला पाठवा.

सगळ्यांना की एकट्याला?

उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा: हे आणखी कुणाच्या उपयोगाचं आहे? दाखल्याला कोणते कागद लागतात, हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, ग्रुपवर द्या. ‘मी तुझ्या घरी साडेसातला येतो’ हे एकाच्या उपयोगाचं आहे, त्याला पाठवा. कुणाची चूक दाखवायची असेल, तर ती नेहमी आधी एकट्याला. एखाद्या काकांनी जुनी बातमी नवी म्हणून टाकली, तर ग्रुपवर त्यांचं हसं करण्यापेक्षा त्यांना वेगळं लिहा: ‘काका, ती बातमी दोन वर्षांपूर्वीची आहे, तुम्हीच काढून टाकलीत तर बरं.’ बहुतेक माणसं लगेच काढतात. चारचौघांत टोकलं की तीच माणसं अडून बसतात. बातमीने कुणाला इजा होण्यासारखी असेल तेवढ्यापुरतं ग्रुपवरच दुरुस्त करा, तेही माणसावर न घसरता.

उलट्या बाजूनेही काळजी घ्या. कुणी तुम्हाला एकट्याला लिहिलेलं उत्तर त्याच्या परवानगीशिवाय ग्रुपवर चिकटवू नका. ते तुमच्या विश्वासावर लिहिलेलं असतं.

दुःखाच्या बातमीखाली

गावात कुणी गेलं की आता पहिली बातमी ग्रुपवरच येते. तिच्याखाली श्रद्धांजलीची रांग लागते. ती मनापासून असते, आणि गावाने हळहळ बोलून दाखवणं ही आपली रीतच आहे. पण त्याच रांगेखाली अंत्ययात्रा किती वाजता निघणार हा मेसेज गाडला जातो. पाळीवरून सुटलेला भाचा ऐंशी श्रद्धांजल्या वर-खाली करत राहतो. वेळ सापडेपर्यंत वेळ निघून जाते.

म्हणून तीन गोष्टी करा. अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण आणि पुढे दहाव्या-तेराव्याची तारीख ग्रुपवर वर पिन करायला अ‍ॅडमिनला सांगा. वेळ ठरलेली नसेल तर ठरेपर्यंत श्रद्धांजली थांबवा, किंवा मूळ बातमीवर हात जोडल्याची खूण करा. आणि दोन ओळी खरंच लिहायच्या असतील तर त्या घरातल्या माणसाला लिहा. गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहा. आठवडाभराने तो माणूस ती शांतपणे वाचेल. ग्रुपमधल्या त्याच त्या दोन शब्दांपेक्षा त्या ओळी त्याच्याजवळ जास्त दिवस राहतील.

संकट आलं तर

उरणकरांना दोन दिवस आठवत असतील. २२ सप्टेंबर २०१६ रोजी शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं. उरीचा हल्ला होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. नौदल, पोलीस आणि इतर दलांनी अख्खा परिसर पिंजून काढला, शाळा बंद राहिल्या, आणि शोधात कुणी सापडलं नाही. दुसरा दिवस ३ सप्टेंबर २०१९ चा: ओएनजीसीच्या प्रकल्पात सकाळी आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. अशा वेळी प्रत्येक घरातून एकच प्रश्न निघतो: आपलं माणूस कुठे आहे?

त्या तासांत उत्तर देण्याचे नियम अगदी कडक ठेवा. जागेवर असाल आणि सुखरूप असाल, तर नाव, ठिकाण, वेळ आणि ‘मी सुखरूप आहे’, बस. दुसऱ्याबद्दल सांगताना त्याला प्रत्यक्ष पाहिलं किंवा त्याच्याशी बोललात तरच सांगा. जखमींचे फोटो टाकू नका. तो फोटो त्याची आई आधी बघू शकते. मृतांची नावं तुम्ही जाहीर करू नका. जे संशयास्पद दिसलं ते ग्रुपला सांगण्याआधी ११२ वर पोलिसांना सांगा. समुद्रात कुणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे. आणि ज्याला काही ठाऊक नाही त्याने त्या वेळी न लिहिणं, हीच त्याची मदत.

‘खरंय का हे?’ असं विचारत अफवा पुढे पाठवणंही उत्तर देण्यातच मोडतं, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तशा अफवा तेव्हा फोनाफोनी फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. यंत्राला एवढंच करता येतं. ‘हे कुणी पाहिलं? कुठे? कधी?’ हे तीन प्रश्न विचारणं आपल्याच हातात राहतं. ते सौम्यपणे विचारा, पण विचारा. बहुतेक अफवा या तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाहीत.

राग आला तर

रागात लिहिलेलं उत्तर लगेच पाठवू नका. एक रात्र जाऊ द्या. हॅम्ब्रिज यांच्या त्या टिपणातही हाच सल्ला आहे. रात्रपाळीहून आलेल्या माणसाने तर झोप झाल्याशिवाय वादात पडूच नये. सकाळी तेच वाचा. लिहायचंच असेल तर समोरच्याने काय म्हटलं ते आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडा, मग तुमचा मुद्दा. मुद्द्यावर राहा, त्याच्या घराण्यावर, गावावर, पक्षावर जाऊ नका. निवडणुकीत गाव दोन बाजूंना जातं, पण नंतर एकाच बंदरावर उतरायचं असतं.

दोन वेळा उत्तर देऊनही मिटलं नाही तर तिसरं लिहू नका. फोन करा किंवा भेटा. ‘दादूस, चहाला ये’ या तीन शब्दांनी जे मिटतं ते वीस मेसेजने मिटत नाही. मिटलं की ग्रुपवर एक ओळ टाका, म्हणजे बाकीचेही सुटतात.

कामाच्या मेलवर

बंदरामुळे उरणची कितीतरी मुलं-मुली सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), कस्टम ब्रोकर, वाहतूक यांच्या कार्यालयांत बसतात. तिथे दिवस मेलवर चालतो. वीस-पंचवीस माणसं सीसीत, खाली लांबलचक ट्रेल. इथे उत्तर उशिरा किंवा अर्धवट गेलं तर कंटेनर पडून राहतो आणि दिवसागणिक भाडं चढतं. नव्याने कामाला लागलेल्यांसाठी काही सवयी सांगतो.

मेलमध्ये पाच प्रश्न असतील तर पाचही उत्तरं त्याच क्रमांकाने द्या. तीनच ठाऊक असतील तर चौथ्या-पाचव्यापुढे ‘मंगळवारी दुपारपर्यंत कळवतो’ असं लिहा. सोपे तीन सोडवून दोन गाळले, की समोरचा पुन्हा मेल करणार, आणि एक दिवस गेला.

विषयाच्या ओळीत कंटेनर क्रमांक किंवा बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक असू द्या. नवा विषय काढायचा असेल तर नवा मेल लिहा. जुन्या मेलला रिप्लाय करून नवीन काम सांगितलं की सहा महिन्यांनी ते कुणालाच सापडत नाही.

ज्याने काम करायचं तो ‘टू’मध्ये, ज्याला फक्त कळायला हवं तो ‘सीसी’त. ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी नावं वाचा. ‘धन्यवाद’ म्हणायला पंचवीस जण नकोत. पण प्रश्न सगळ्यांसमोर आला असेल आणि उत्तराने सगळ्यांचं काम ठरणार असेल, तर एकट्याला उत्तर देऊन बाकीच्यांना अंधारात ठेवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं: बाहेर पाठवताना खालची ट्रेल शेवटपर्यंत वाचा. आपसात बोललेले दर, ग्राहकाबद्दलची एखादी टिप्पणी, दुसऱ्या ग्राहकाचा कागद, हे सगळं खाली दबून बसलेलं असतं आणि तुमच्या नावाने बाहेर जातं. संदर्भाला लागतील तेवढ्या चार ओळी ठेवा, बाकीचं काढा. काढताना समोरच्याचं वाक्य मध्येच असं तोडू नका की त्याचा अर्थ फिरेल.

आवाज, फोटो, बोली

आपल्याकडे पुष्कळांना टाइप करणं जड जातं. ते बोलून पाठवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त आवाजातलं उत्तर मिनिटभराच्या आत ठेवा, पहिल्या वाक्यातच मुद्दा सांगा, आणि जमलं तर खाली एक ओळ लिहा किंवा नातवंडाकडून लिहून घ्या: ‘बैठक रविवारी १० वाजता, समाजमंदिर.’ लाँचच्या इंजिनाच्या आवाजात किंवा यार्डात ऐकता येत नाही, पण ती ओळ वाचता येते. शिवाय आवाजातली तारीख पुढे शोधूनही सापडत नाही.

आगरी-कोळी बोलीत लिहायला संकोचू नका. बोलीतलं उत्तर जवळचं वाटतं आणि अनेकांना तेच लवकर कळतं. ग्रुपमध्ये बाहेरून आलेली कुटुंबं असतील, तर तारीख, वेळ, ठिकाण तेवढं सगळ्यांना कळेल असं लिहा. आणि कुणाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून त्याला ग्रुपवर सुधारू नका. हिंमत करून लिहिणारी एखादी आजी एकदा गप्प झाली की पुन्हा लिहीत नाही.

चूक झाली तर, आणि ग्रुप सांभाळणाऱ्यांसाठी

चुकीचं उत्तर गेलं तर लपवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो. पण कुणी तो वाचला असेल तर नुसतं काढून भागत नाही. ‘मघाशी मी बैठक ११ ला लिहिली, ती १० ला आहे. क्षमस्व’ असं स्पष्ट लिहा. ज्यांनी जुनं वाचलं त्यांना नवं मिळायलाच हवं.

अ‍ॅडमिनचं काम पोलिसाचं नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून, त्याचा त्यात सामाईक हेतू नसेल तर, त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. त्यामुळे भीतीपोटी सगळ्यांची तोंडं बंद करू नका. ग्रुप कशासाठी आहे ते वर्णनात दोन ओळींत लिहा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचं एक नीट उत्तर तयार ठेवा, आणि नव्याने आलेल्याने तोच प्रश्न विचारला तर ते पुन्हा द्या. ‘वर बघा’ हे उत्तर कुणालाच देऊ नका. वर काय आहे हे त्याला माहीत असतं तर त्याने विचारलंच नसतं.

शेवटचं काम मात्र प्रश्न विचारणाऱ्याचं आहे, आणि तेच सर्वांत जास्त राहून जातं. उत्तरं मिळाली, काम झालं, की सगळं मिळून एक मेसेज लिहा: ‘भूखंडाच्या बैठकीबद्दल विचारलं होतं. रविवार १८ तारखेला सकाळी १० वाजता समाजमंदिरात झाली. चालू वर्षाचा सातबारा आणि आधारची प्रत लागली, जुना उतारा मागितला नाही. सांगणाऱ्या सगळ्यांचे आभार.’ चार ओळी. पुढच्या आठवड्यात होडीवरून उतरणाऱ्याला बाकीचे तीनशे नव्व्याण्णव मेसेज वाचायची गरज उरत नाही.

वादळ सरलं की बंदरावरचा बावटा उतरवतात. तो तसाच फडकत राहिला तर पुढच्या वेळी त्याच्याकडे कुणी बघणार नाही. आपण विचारलेला प्रश्नही तसाच, काम झाल्यावर आपल्याच हाताने उतरवून ठेवायचा.